भाषण संपू नये म्हणून

शब्दांमध्ये माणसाला जिवंत ठेवण्याची शक्ती असते. बीडच्या एका महाविद्यालयात मी नोकरीभर मराठी शिकवले, त्यामुळे हे वाक्य मी अगणित वेळा उच्चारले आहे, आणि दर वेळी मागच्या बाकावर कोणीतरी जांभई दिली आहे. जांभई देणाराच बरोबर आहे, असे मला तेव्हाही वाटायचे. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका पुढाऱ्याच्या शब्दांवर मी खरोखरच जिवंत राहिलो. निदान तिथे बसलो होतो तोवर माझी तशी समजूत होती.

माझी फुप्फुसे कडक होत चालली आहेत. डॉक्टरांकडे या आजाराला लांबलचक नाव आहे. घरात आम्ही नुसते ‘छातीचं’ म्हणतो. घरी भिंतीजवळचे मोठे यंत्र हवेतून ऑक्सिजन गाळून देते. बाहेर पडायचे तर खांद्याला अडकवायचे छोटे यंत्र, त्यातून नाकात जाणारी नळी आणि मी, अशी तिघांची वरात निघते. छोट्या यंत्राच्या बॅटरीवर चार हिरवे दिवे आहेत. चारही लागलेले असतात तेव्हा मला हवापाणी, राजकारण, पुस्तके यांवर मते असतात. एकच उरला की माझे कशावरही मत नसते.

दिंद्रुडला धाकट्या बहिणीच्या नातीचे बारसे होते. ‘जायलाच पाहिजे का?’ असे बायकोने विचारले नाही, यावरून तिलाही घराबाहेर पडायचे होते हे मी ओळखले. बारसे झाले, जेवणे झाली. बहिणीने मला आतल्या खोलीत आडवे केले आणि मी यंत्राची पिन भिंतीत खोचून डोळे मिटले. संध्याकाळ व्हायच्या आत बीडला पोचावे म्हणून उन्हातच निघालो. तेलगाव मागे पडल्यावर माझी नजर यंत्रावर गेली. चारांपैकी दोनच दिवे लागलेले होते.

बायकोने तिथूनच बहिणीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“वन्सं, दुपारी यंत्राची पिन कोणी काढली होती का हो?”

“म्याच काढली की, वैनी. दादाला लई उकडत व्हतं. घामानं उशी भिजली त्याची. मंग कूलर लावला. दुसरं भोक चालत न्हाई ना त्या बोर्डाचं. कावून, काय झालं?”

“काही नाही.”

“कूलरनं बरी झोप लागली ना दादाला?”

“छान लागली,” बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मला खरोखरच छान झोप लागली होती. त्या गार झोपेत यंत्र मुकाट्याने बॅटरीवर चालत राहिले होते.

दोन दिव्यांत बीड गाठता आले असते. शिवाय गाडीत चार्जिंग होते. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर भला माणूस होता. मी वायर पुढे केली तसा तो ओशाळला. त्या भोकात त्याने उदबत्ती खोचून ठेवली होती आणि आत राखेचा थर बसला होता. “देवाचं हाय, सर,” तो म्हणाला. त्याने फुंकर मारली, राख माझ्याकडे आली, आणि पुढचा बराच वेळ मी फक्त खोकत होतो. भोक चालले नाही.

वडवणीच्या अलीकडच्या एका गावात रस्ता बंद होता. पुढे ट्रॅक्टर, टेम्पो, एसटी. बघता बघता मागेही तेच. सत्कार होता. कोणाचा ते फ्लेक्सवर लिहिले होते, कशाबद्दल ते लिहिले नव्हते. जेसीबीच्या फावड्यातून झेंडूच्या पाकळ्या उधळत होत्या आणि क्रेनला टांगलेला हार एका माणसाच्या डोक्यावर हळूहळू उतरत होता, जणू विहिरीत पोहरा सोडावा. मग फटाक्यांची माळ लागली. धूर काचांवर आला. काचा बंद होत्या, पण धुराला वाट लागते किती? माझी फुप्फुसे अडायला तर त्याहून कमी धूर पुरतो.

यंत्रावर एक दिवा उरला.

बायको खाली उतरून चहाच्या टपरीवर गेली. मी काचेतून तिच्या हातवाऱ्यांवरून संभाषण समजून घेत होतो. परत आली तेव्हा तिचा चेहरा पुसल्यासारखा झाला होता. गावात वीज नव्हती. क्रेन तारांना लागेल म्हणून लाइन वरूनच बंद केली होती. “साहेब गेल्याबिगर लाइट न्हाई यायची,” टपरीवाला म्हणाला होता. वीज फक्त मंडपात होती, जनरेटरवर.

शेवटचा दिवा लुकलुकू लागला आणि यंत्राने बारीक शिट्टी सुरू केली. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा घसरत होता. मी चिमटा काढून खिशात टाकला. बघून तो वर येणार नव्हता. श्वास घ्यायला छाती उचलावी तर ती वर येई, पण आत काही येत नसे, रिकाम्या रहाटासारखे. मरायला माझी तत्त्वतः हरकत नाही, असे मी मित्रांना सांगत असे. ते खोटे होते. मला तेव्हा काय वाटेल ते करून जगायचे होते. आणि ते नाहीच जमले, तर निदान त्या फ्लेक्सखाली मरायचे नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी माझाही फ्लेक्स लागला असता.

ड्रायव्हर आणि बायको यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून मंडपाकडे नेले. अंतर घरापासून वाण्याच्या दुकानाइतके. वाटेत मी दोनदा खाली बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा उठायचे काही कारण मला सुचेना. बायको कानाशी म्हणाली, “अहो, इथं नाही. उठा.” तिने मला आयुष्यात एवढ्या हळू आवाजात कधी दटावले नव्हते. मी उठलो.

साउंडवाला केसांना लालभडक मेंदी लावलेला पन्नाशीचा माणूस होता. जनरेटरची वायर स्टेजवर त्याच्या मशीनपाशीच संपत होती आणि आमची वायर आखूड होती. त्याने दुसरा विचार न करता मला स्टेजवर चढवले, मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसवले आणि पिन लावली. शिट्टी थांबली. नळीतून हवा आली. तिला नमस्कार करायचाच काय तो बाकी होता.

“निवांत बसा, काका,” तो म्हणाला. “पण भाषण संपलं की जनरेटर बंद हाय बरं का. डिझेल मोजून देतेत.”

बायकोने माझ्याकडे पाहिले. सभा संपली म्हणजे रस्ता मोकळा होतो असे नाही. उलट तेव्हाच सगळे एकदम रस्त्यावर येतात. त्या गर्दीतून बीडला पोचायला निदान दोन दिवे हवे होते. आता एकच होता, तोही लुकलुकणारा. आणि माइकसमोर पुढारी म्हणत होते, “मी आपला फार वेळ घेणार नाही.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो. ते खरे ठरावे अशी दर वेळी प्रार्थना केली, आणि ते कधीच खरे ठरले नाही. त्या दुपारी मात्र ते खरे ठरेल या भीतीने मला घाम फुटला. त्यांनी रस्त्यांचा प्रश्न घेतला, मला बरे वाटले. पाणी घेतले. ऊसतोड मजुरांवर आले तेव्हा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. मग ते म्हणाले, “शेवटी एवढंच सांगतो,” आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात सूत्रसंचालकाचे माझ्याकडे लक्ष गेले. स्टेजवर चढलेला माणूस सत्काराशिवाय खाली जात नाही, हा आपल्याकडचा नियम आहे. तो माइकवर गरजला, “प्रकृतीची तमा न बाळगता, नाकात नळी असतानाही, साहेबांवरच्या प्रेमापोटी उपस्थित राहिलेले गुरुवर्य!” माझ्या अंगावर शाल आली, मांडीवर नारळ आला, आणि तोंडासमोर माइक आला. “गुरुवर्यांनी आशीर्वादाचे दोन शब्द द्यावेत.”

माझ्याकडे हवा दोन शब्दांपुरतीच होती. मी पुढाऱ्यांकडे पाहिले. माझ्या डोळ्यांत पाणी होते, ते धुरामुळेही असेल.

“बोला,” मी म्हणालो. मग श्वास मिळाल्यावर, “थांबू नका.”

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी गहिवरले. त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि माइक पुन्हा हाती घेतला. ते बालपणापासून निघाले. लोक घड्याळे बघू लागले, मागचे उठू लागले, सूत्रसंचालक चिठ्ठ्या पाठवू लागला. साऱ्या मंडपात एकटा मी त्यांच्याकडे टक लावून बसलो होतो, आणि त्यांना तेवढे पुरत होते. काही वेळाने बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा दिवा पेटला होता, पण लुकलुकत होता.

आणि पुढाऱ्यांचा घसा बसला. त्यांनी पाणी मागितले, हात वर केला आणि “जय महाराष्ट्र” म्हणून ते खाली उतरले.

खुर्च्या सरकल्या. सगळे रस्त्याकडे धावले. मी डोळे मिटून घेतले आणि जनरेटरच्या आवाजाला कान लावून बसलो. बायको साउंडवाल्याकडे धावली. तिचा आवाज मला ऐकू आला.

“दादा, पाया पडते तुमच्या, थोडा वेळ तरी बंद करू नका.”

“कावून बंद करू, ताई?” तो म्हणाला. “माझा मोबाइल लागलाय ना चार्जिंगला. अजून अर्धा बी झाला न्हाई.”

त्याचा मोबाइल भरेपर्यंत आम्ही तिथे बसलो.