दिलीपचं ‘ठो!’

शोभावहिनींचा, दिलीपच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात दाढी करायला बसलो होतो. “हे गेले, भावजी,” एवढंच त्या म्हणाल्या. मी बरं म्हणालो आणि अर्धी राहिलेली दाढी पूर्ण करून घेतली. का, ते अजून कळलेलं नाही. आता काही आठवडे झाले... रडू तेव्हा आलं नाही, नंतरही नाही. सगळं बधिर आहे.

दिलीप आणि मी एकाच कचेरीत चिकटलो, आणि दोघांनाही जुन्या लढायांचं वेड. मैदानावर लढाईचे प्रसंग उभे करणारी आमची मंडळी त्यानंच जमवली. तो सरदार, मी, सुटलेल्या पोटामुळं म्हणा, कायमचा शत्रूचा शिपाई. पहिल्या गोळीला मरायचं, एवढंच माझं काम. गोळी खोटीच, नुसता बार आणि धूर. पण तोही निघेना. बाहेरगावाहून बनवून आणलेल्या त्या जुन्या धाटणीच्या बंदुका दिसायला नवरीसारख्या होत्या, पितळ चकचकीत, लाकडाला पॉलिश. पॉलिशखाली दस्ते चिरलेले. बंदुकीचा घोडा पडायचा, गारगोटी लोखंडी पट्टीवर आपटायची आणि ठिणगीच पडायची नाही. फुलंब्रीच्या पहिल्या प्रयोगात एकही बंदूक उडाली नाही, तेव्हा दिलीप जीव खाऊन ओरडला, “ठो!” मी पडलो. लोक पोट धरून हसले. मग तीच पद्धत पडून गेली... वर्षानुवर्षं तो ‘ठो!’ म्हणायचा आणि मी मरायचो.

त्याला मात्र ते फार लागलं होतं. शेवटचा भेटलो तेव्हा पुंडलिकनगरच्या घरी, पोर्चमध्ये, सगळ्या बंदुका खोलून बसला होता. “बनवणाऱ्यानं पट्टीला पाणीच नाय दिलं रे. मऊ लोखंड हाये, ठिणगी पडंल कुठून?” चिरलेले दस्ते बदलायचे, पट्ट्या नव्या पोलादाच्या घालायच्या, लाल तापवून तेलात बुडवायच्या, असं त्याचं चाललं होतं. “एकदा सगळे बार संगंच उडू दे. मला गप उभं राहून ऐकायचंय.”

“मग तुझं काम काय उरलं?”

“काय नाय. चहा पिईन.”

“व्हय, तेवढंच राहिलंय,” वहिनी आतून म्हणाल्या.

परवा प्रयोग झाला. रद्द करावा असं मला वाटत होतं, वहिनींनीच नको म्हटलं. त्यानं दुरुस्त केलेल्या बंदुका घेऊन मंडळी ओळीत उभी राहिली. इशारा झाला आणि सगळे बार एकदम उडाले. एकही चुकला नाही. धूर नाकातोंडात गेला, पुढच्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवून ओरडले. त्यानं हे ऐकायला हवं होतं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मी पडलोच नाही. धूर विरला तरी तसाच मैदानात उभा. शेजारी मरून पडलेला आमचाच एकजण दबक्या आवाजात म्हणत होता, “पडा की, पडा!” मला ऐकू येत होतं. पण मी दिलीपच्या आवाजाची वाट बघत होतो.