अनुदानाच्या पंपावरचा हात

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो. ही एक मात्र अजून पाठ सोडत नाही. नव्वदच्या दशकात मी रामनगरच्या पुढच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. घर मात्र गंगेपलीकडे बनारसला, ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी वस्तीत.

खबर सरकारी कचेरीतूनच आली. अनुदानाचं काम बघणाऱ्या बाबूने लेखी तक्रार दिली, की भाजी पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याने सरकारी अनुदानातला डिझेल पंप परस्पर विकला. वरून तपासणी आली तेव्हा त्याच्या मळ्यात पंप नव्हता. मी गुन्हा नोंदवून त्याला आणलं.

"साहेब, मसीन दुइ दिन रही. फोटो खिंचा. फिर बाबू कहिन, खराब है, बदल के देंगे," तो म्हणाला.

ठाण्यात आलेला प्रत्येक जण काहीतरी सांगतोच. कागद चोख होते, आणि खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. तो तुरुंगात गेला. त्याची बायको रोज ठाण्याच्या दाराशी येऊन बसे. मी जीपमधून उतरलो की उभी राहायची. मला तिचा रागच यायचा.

आरोपपत्रासाठी मी त्या वर्षीच्या सगळ्या लाभार्थ्यांच्या फायली मागवल्या. प्रत्येकीत पंपाशेजारी उभ्या शेतकऱ्याचा फोटो. रविवारी घरी त्या चाळत बसलो होतो. बायको चहा घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"अहो, ही सगळी एकच मशीन आहे की."

"कंपनी एकच आहे," मी म्हणालो.

"कंपनी जाऊ द्या. पंपावरचा हा हाताचा ठसा देखा ना. नवी मशीन आली की घरची बाई हळद-पिठात हात बुडवून थाप देते. बारा घरच्या बायकांची करंगळी अशीच वाकडी?"

सगळ्यात जुनी तारीख त्या आत टाकलेल्या शेतकऱ्याच्याच फोटोवर होती. दुसऱ्या दिवशी दाराशी बसलेल्या त्याच्या बायकोला मी हात दाखवायला सांगितला. अंगठा घ्यायचा असेल असं समजून तिने पुढे केला. करंगळी वाकडी होती. इतके दिवस ती समोर होती आणि मी पाहिलं नव्हतं.

बाबूला बोलावलं. आवाज चढवला नाही, फक्त एकेक फोटो टेबलावर ठेवत गेलो. चौथ्या फोटोला त्याने पाणी मागितलं. सातव्याला म्हणाला, "साहब, हम अकेले नहीं हैं." एकच पंप ट्रॉलीवर घालून फोटोपुरता गावोगाव फिरवला होता, बाकीच्या पंपांचे पैसे वाटून खाल्ले होते. ती थाप पुसून टाकायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पूजेची खूण कोण पुसणार? पंप एका दुकानदाराच्या गोदामात सापडला.

शेतकरी तीन आठवड्यांनी सुटला. पंप पुरावा म्हणून ठाण्याच्या मालखान्यात कुलपाआड गेला. तो त्याला मिळावा म्हणून मी दोनदा कोर्टात अर्ज दिला. दोन्ही वेळा पुढची तारीख पडली. मग माझी बदली झाली. मला प्रशस्तिपत्र मिळालं, तेही घेतलं.

काही वर्षांनी रामनगरच्या बाजारात तो दिसला. पाण्यावाचून मळा सुटला होता, दुसऱ्याची भाजी विकत होता. मला ओळखून उठला आणि शेजारच्याला सांगू लागला, "इहे साहेब हमके जेल से छुड़ाए रहे." वांगी तोलून झाल्यावर वर आणखी दोन टाकली.

त्याला आत मीच टाकलं होतं, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. पोलिसांकडून लोकांची अपेक्षा किती थोडी असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्याची चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं नाही. पिशवी उचलली आणि पलीकडे घरी जायला नावेकडे निघालो.