भागाबाईचं पळसपाणी

सेलूला आमच्या गल्लीत भागाबाईच्या फाटकासमोरून लोक खोकला दाबून जातात. आवाज आत गेला की सुटका नाही. ती अंगणातला अडुळसा ओरबाडते, उकळते आणि कडूजहर पाण्याचा पेला घेऊन बाहेर येते. तो रिकामा होईस्तोवर समोरून हलत नाही. तिचे यजमान माधवराव सोसायटीत कारकून आहेत. ते घरी शिंकतसुद्धा नाहीत. ऑफिसात जाऊन शिंकतात.

पण त्याच अंगणातलं ताटात आलं की लोक निमित्त काढून येतात. हादग्याच्या फुलांची बेसन पेरलेली भाजी, अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत, मोहफुलं वाटून केलेल्या पुऱ्या. औषध वेगळं आणि जेवण वेगळं हे भागाबाईला मान्यच नाही.

मागच्या मे महिन्यात तिच्या बहिणीच्या, सीताबाईच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगा दुर्गेश, हिंगणघाटला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पत्र्याखाली बसून बसून अंगभर घामोळ्या उठलेल्या. हळदीच्या दिवशी मांडवाच्या खांबाला पाठ घासताना तो भागाबाईला सापडला.

"काऊन रे, म्हशीवानी घासून राह्यला?"

"मावशी, लय खाजते. मेडिकलातून पावडर आणतो ना मी."

"पावडर? मावशी मेली काय तुई?"

तिच्या पिशवीत पळसाची वाळलेली फुलं होतीच. उन्हाळ्यात पोरांना पळसाच्या पाण्यानं न्हाऊ घालतात आमच्याकडे. अंगाला थंडावा मिळतो, जरासा पिवळेपणा येतो आणि जातोही. पण भागाबाईला जरासं काही करता येत नाही. तिनं सगळी फुलं हंड्यात ओतली, पाणी आटवून दाट केलं आणि खाज लवकर जावी म्हणून वर मूठभर तुरटी टाकली. तुरटीनं रंग पक्का बसतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दुर्गेशला पाटावर बसवून तिनं तो हंडा त्याच्या डोक्यावर रिकामा केला. वरून ताकीद, "पुसजो नको. अंगावरच वाळू दे."

संध्याकाळी हळद लावताना बायका म्हणाल्या, काय रंग चढून राह्यला पोरावर! सकाळी आंघोळीत हळद गेली, रंग मात्र राहिला. बेसन झालं, ताक झालं, एका मित्रानं भांड्याचा साबणही चोळून पाहिला. दुर्गेश कानाच्या पाळीपर्यंत पिवळाच. सीताबाई रडकुंडीला आली.

"खाज गेली का नाई, ते सांग," भागाबाई म्हणाली.

"गेली."

"मंग?"

नवरी मोनाली सेवाग्रामला नर्स आहे. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, आणि हार घालायला वर केलेले तिचे हात तसेच थांबले. तिनं हार करवलीकडे दिला, पुढे होऊन अंगठ्यानं दुर्गेशची खालची पापणी ओढली.

"वर पाहा. आता नखं दाखवा. भूक लागते? लघवी कशी होते?"

"चांगली होते, मॅडम," दुर्गेश म्हणाला. गुरुजींचा माईक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. बँडवाले वाजवायचे थांबले.

"डोळे तर पांढरे आहेत. कावीळ नाई. मंग हे काय आहे?"

शेवटी भागाबाई खुर्चीवरून उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक निघाला.

"पळस आहे, पोरी. म्या न्हाऊ घातलं त्याले. तुरटी जराशी जास्त झाली."

मोनाली तिच्याकडे पाहत राहिली, मग पिवळ्या नवरदेवाकडे, आणि जी हसत सुटली की मुंडावळ्या सुटायला आल्या. "मले वाटलं, बिमार पोरगा गळ्यात मारून राह्यले!" म्हणत तिनं हार घातला. फोटोवाल्यानं पुढे सगळा अल्बम काळापांढरा करून दिला. त्यात दुर्गेश बरा दिसतो.

लग्नानंतर नवराबायको सेलूला आले, तेव्हा मोनालीनं सरळच सांगितलं, "मावशी, खाऊ काय घालायचं ते घाला. पण पाजायचं नाईतर अंगाले लावायचं असलं, का आधी मले फोन लावजा."

भागाबाईनं हे फारच मनावर घेतलं. मोनाली ड्युटीवर असली की फोन. "पोरी, माधवरावले ओवा देऊ का?" "पोरी, गुळवेल चालते का शुगरवाल्याले?" एकदा वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनं चिडून फोन स्वतःच उचलला. झापायलाच उचलला होता, पण बोलता बोलता गोष्ट हादग्याच्या भाजीवर गेली. तिच्या माहेरी म्हणे असंच झाड होतं.

दिवाळीच्या सुमारास हादगा फुलला. भागाबाईनं काठीनं फुलं पाडली, माधवरावांना शेजारी बसवून एकेका फुलातला कडू दांडा काढून घेतला आणि मोठ्या डब्यात भाजी भरून सेवाग्रामला पाठवली. संध्याकाळपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मोनालीचा फोन आला तशी तिनं घाईनं विचारलं, "कोणाले काही त्रास तं नाई झाला ना?"

"झाला ना, मावशी. पुरली नाई."