आईनं लिहून दिलेला एकर

माझ्या पहिल्या पगारातून मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या धर्मादाय दवाखान्याला छताचा पंखा दिला. तिन्ही पात्यांवर लाल रंगात वारलेल्या बाबांचं नाव लिहून घेतलं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, हे मला तो लागल्यावर कळलं.

तरी मला त्या पंख्याचा अभिमान होता. त्या दवाखान्याचे आमच्यावर उपकार होते. माझ्या लहान भावाला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि हाडं अशी ठणकतात की शहाणासुरता माणूस जमिनीवर लोळतो. आमच्या भागात हा आजार नवा नाही, दर दोन-चार घरांमागे कुणीतरी असतंच. मी बारावीला होते त्या वर्षी भाऊ महिन्यातून एकदा तरी त्या दवाखान्यात भरती असायचा. मी त्याच्या खाटेशी बसून अभ्यास करायची. एक दिवस डॉक्टर मॅडमनी मला आपल्या खोलीत बोलावलं, टेबलावरचे कागद एका बाजूला सारले आणि म्हणाल्या, इथं लिहीत जा, दुपारी दोन ते चार मी नसते. आमच्या घराण्यात बारावी झालेली मी पहिली, पदवी घेतलेलीही पहिली. आज मी त्याच गावच्या शाळेत शिकवते. त्या टेबलाशिवाय हे झालं नसतं.

पुढे दवाखान्यातली जुनी नर्स निवृत्त झाली. नवी नेमायला ट्रस्टजवळ पैसा नव्हता. डॉक्टर मॅडम एकट्या उरल्या. सकाळची तपासणी चालू राहिली, पण रुग्णांना भरती करून घेणं बंद झालं. त्यानंतर भावाला दुखणं उठलं की गोंदिया गाठावं लागे. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याला भाड्याच्या जीपमधून नेलं तेव्हा प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता. नंतर नंतर त्याचा ओरडण्याचाही जोर गेला. आई वाटभर त्याचे पाय मांडीवर धरून बसली होती. आठ दिवस मी गोंदियाजवळच्या कुडव्याला मामाकडे राहून डबा पोचवला. शाळेत तेवढी रजा पडली.

परत आल्यावर रिपोर्ट दाखवायला आई आणि मी डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी बंद पडलेली खोली उघडून दाखवली. चार खाटा होत्या, गाद्या होत्या, सलाइनचे स्टँड होते. कोपऱ्यात एकात एक घुसवलेल्या चाकांच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव. छताला पंखे इतके की दोन तर एकमेकांच्या वाऱ्यात. माझा त्यांतलाच एक.

"द्यायला सगळे तयार आहेत, बाई," मॅडम आईला म्हणाल्या. "पण प्रत्येकाला नाव लिहायला जागा लागते. नर्सच्या पगारावर नाव कुठं लिहिणार?"

मी खाली पाहिलं. मॅडम मला बोलल्या नव्हत्या, पण लागायचं ते मला लागलं. त्या पुढे सांगत होत्या की एखाद्या वर्षाचा पैसा कसाही उभा होतो, पण पुढच्या वर्षी काय, या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे ट्रस्ट माणूस नेमत नाही. दर वर्षीची कुणी हमी दिली तर उद्या खोली सुरू करू.

गावी परतताना आई स्कुटीवर मागे बसली होती. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "माहा एकर त्या नर्सले दे."

आईच्या स्वतःच्या नावावर एक एकर आहे, तिच्या वडिलांनी दिलेला. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर भिजणारा, दोन पिकांचा. आमच्याकडे सगळ्यांत चांगली जमीन तीच. मी तिला समजावून सांगितलं की घाई नको. ती म्हणाली, घाई तुह्या भावाच्या हाडायले आहे.

भावानं मात्र साफ नकार दिला. गावच्या चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि कुणाची दया घेतलेली त्याला खपत नाही.

"मी जित्ता आहो," तो म्हणाला. "माह्या नावानं कायले दानधरम?"

"तुह्या एकट्यासाठी नाई गा. पलीकडच्या टोल्यावरची ते पोरगी काय गोंदियाले पायी जाईन?" आई म्हणाली.

त्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलीला भावासारखाच आजार होता आणि तिच्या घरी जीपच्या भाड्याची सोय नव्हती. भावानं मग हरकत सोडली.

आम्ही वकिलाकडे गेलो. शेतजमीन ट्रस्टच्या नावे करायची तर परवानग्यांचं मोठं लचांड, असं त्यांनी सांगितलं आणि सोपी वाट सुचवली. जमीन आईमागे आम्हा दोघांची राहील, पण त्या एकराचं धान दर वर्षी दवाखान्याच्या नर्ससाठी द्यायचं, असं मृत्युपत्रात लिहायचं. आई आहे तोवर ती स्वतः देईल. आईनं विचारलं, बी-खताचा खर्च कोणाचा? मी म्हटलं, वजा करू. ती म्हणाली, खर्च आमचा, धान त्यायचं, असं लिव्ह. मसुदा मी माझ्या हातानं लिहिला. साक्षीला आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि शेजारचे काका आले. निबंधक कार्यालयात आईनं सही केली, फोटो काढला आणि बाहेर येऊन चहा मागितला.

मी हिशेब करून पाहिला. त्या एकरातून नर्सचे चार महिने निघत होते. उरलेल्या आठ महिन्यांचं काय, हे आईनं विचारलं नाही आणि तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. ट्रस्टनं सांगून ठेवलं होतं की बारा महिन्यांची सोय दिसल्याशिवाय माणूस नेमणार नाही.

पंधरा दिवसांनी, शाळेत पहिला तास चालू असताना कुडव्याहून मामाचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला. "बाईले काय झालं वो? आमाले काऊन नाई सांगितलं?" आईला तो बाई म्हणतो.

मला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, मृत्युपत्र लिहून झालं, आता फक्त वाट पाहणं चालू आहे, असं सगळे म्हणत आहेत. तो आणि मामी गाडी करून निघालेही होते. आमच्याकडे धडधाकट माणूस मृत्युपत्र करत नाही. खाटेला खिळल्यावर, पोरं चारी बाजूंनी बसल्यावर करतात. मृत्युपत्र म्हटलं की लोकांना पुढचं सगळं आपोआप कळतं. खरं सांगायचं तर मलाही कळलं. तो कागद मी स्वतः लिहिला होता, त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, तरी मी लगेच आईला फोन लावला. आईनं काहीतरी लपवलं असेल, डॉक्टर मॅडमनी त्या दिवशी तिला बाजूला घेऊन काही सांगितलं असेल, असं मनात आलं. मुख्याध्यापकांना सांगून मी निघाले. फोन आई घरीच ठेवून जाते, तो वाजत राहिला.

घरासमोर ही गर्दी. मामा-मामी पोचले होते, हातात सफरचंदं आणि शहाळी. विहारातल्या महिला मंडळाच्या बाया आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. आम्ही वंदनेला पांढरं नेसतो आणि मयतीलाही. दाराला कुलूप होतं आणि त्या कुलपाकडे पाहून दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला होता. दवाखान्यात नेलं असेल, असं कुणीतरी म्हणालं.

शेजारच्या काकू अंगणात गोवऱ्या रचत होत्या. साक्षीला आलेल्या काकांची ही बायको. त्यांनी मान वर करून सांगितलं, "ते तं सकाळीच रोवन्याले गेली बांधीत." म्हणजे शेतात, धानाची रोपं लावायला.

मामा त्यांच्यावर चिडला. बातमी त्यांच्याच घरातून निघाली होती. काकू जराही ओशाळल्या नाहीत. "मी मरते म्हनून नाई सांगितलं. मृत्युपत्र केलं, एवढंच सांगितलं. बाकीचं तुमीच जोडलं."

मग आम्ही सगळे नहराच्या कडेनं निघालो, शहाळ्यांसकट. उन्हाळी धानाचे दिवस होते, नहराला पाणी सुटलं होतं. आईच्या बांधीत चिखल तयार होता. ती दोन मजूर बायांबरोबर ओणवी होऊन रोवत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पांढऱ्या लुगड्यांची रांग उभी राहिली तेव्हा ती सरळ झाली. कपाळावर हात धरून तिनं सगळ्यांना पाहून घेतलं.

"कोन मेलं वो?"

 मंडळातली सर्वांत म्हातारी आजी म्हणाली, "तूच जाऊन राहिली म्हनून आलो."

आई हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. चिखलाचे हात लुगड्याला पुसले, धुऱ्याजवळ आली आणि विचारलं की आज मी मेले असते तर तुम्ही काय आणलं असतं. सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे मयतीच्या घरी घरटी पायलीभर तांदूळ नेतात, पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवण होतं, त्याला सगळे हातभार लावतात.

"मंग ते मले आताच द्या. मेल्यावर मी काय पाहाले येतो? माह्या पुण्यानुमोदनाचं जेवन नाई होनार, लिहून ठेवा. त्याच्या बदली घरटी एक कट्टा धान, दर साली, दवाखान्यातल्या नर्ससाठी. माहा एकर चार महिने पुरते. आठ महिने कमी पडून राहिले."

 मी लपवलेला हिशेब तिनं कधीच करून ठेवला होता. कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. पायलीच्या जागी कट्टा, आणि तोही दर साली. मामाला ते जरा जड गेलं.

"बाई, जित्ता मानूस पुण्यानुमोदनाचं मांगते, हे आज पयल्यांदा आयकलं."

"आयकलं ना? मंग कट्टा बोल."

मामा शहाळी हातात धरून उभा होता. तो म्हणाला, दोन. मामीनं त्याच्याकडे पाहिलं, पण खोडलं नाही. मंडळातल्या त्या आजीच्या घरी जमीन नव्हती, ती मजुरीला जायची. तिनं सांगितलं की तिचा कट्टा मजुरीच्या धानातून येईल. त्यानंतर कुणाला मागे राहायला तोंड उरलं नाही. ज्यांच्या घरी आजारी पोर होतं त्यांनी तर आवाज चढवून सांगितलं. मी धुऱ्यावर बसून शाळेच्या वहीत लिहीत गेले.

पुढचं मी कधी पाहिलं नव्हतं. मामी म्हणाली, आलोच आहोत तर रिकाम्या हातानं कशाला जायचं. तिनं लुगडं खोचलं आणि बांधीत उतरली. तिच्या मागे मंडळाच्या सगळ्या उतरल्या. ती पांढरी लुगडी पाहता पाहता चिखलानं माखली. मधूनमधून कुणीतरी आईला विचारायची की तुझी तब्येत कशी आहे, आणि सगळ्या हसायच्या. दोन दिवसांचा रोवणा दुपारच्या भाकरीच्या आत संपला. धुऱ्यावर बसून आम्ही ती सफरचंदं खाल्ली.

उन्हाळ्याच्या शेवटी ट्रॅक्टर भरून कट्टे दवाखान्याच्या दारात उभे राहिले तेव्हा तिथल्या लिपिकाला घाम फुटला. त्याच्या पावतीपुस्तकात धान घ्यायची सोय नव्हती आणि कट्टे ठेवायला जागाही. काकांनी ट्रॅक्टर तसाच वळवून जवळच्या राइस मिलवर नेला. मिलचा मालक गल्ल्यावर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नोकराला हाक मारून म्हणाला, "दान का धान है, इसकी तुलाई मत काटना." तोलाई माफ केली, भाव चढा लावला आणि पैसे सरळ दवाखान्याच्या नावे दिले. पावती ट्रस्टच्या नियमाप्रमाणे फाटली. डॉक्टर मॅडमनी ती आईच्या हातात दिली, तेव्हा आईनं एकच विचारलं, बारा महिने झाले का. झाले होते, वर थोडं उरलंही होतं.

पावसाळ्यात नर्स रुजू झाली. खोलीचं दार उघडलं, दोन जास्तीचे पंखे उतरवून शाळेला दिले. पहिल्याच आठवड्यात टोल्यावरची ती मुलगी भरती झाली आणि दोन दिवसांनी चालत घरी गेली. पुढच्या हंगामात आमच्या गावाशेजारच्या दोन गावांनी आपणहून कट्टे काढले. आता वर्षाकाठी चार-पाच माणसं आईकडे येतात आणि विचारतात, असा कागद कसा करायचा. ती त्यांना माझ्याकडे धाडते. मी मसुदा लिहून देते. एका म्हाताऱ्यानं मोहाची दोन झाडं लिहून दिली, एकीनं आपल्या म्हशीचं दर साली एक वगारू. मरायला टेकल्याशिवाय मृत्युपत्र नाही, हे आमच्या भागात आता कुणी म्हणत नाही.

यंदाच्या पौषात भावाला पुन्हा दुखणं उठलं. सकाळी काकांनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. अर्ध्या तासाची वाट. मी शाळेतून धावत गेले तेव्हा सलाइन लागलेलं होतं. नर्सला त्याच्या हातावरची कोणती नस सापडते हे पाठ झालं आहे. ती त्याला विचारत होती की माझ्या मोबाइलचा आवाज का येत नाही, आणि तो दात आवळून सांगत होता, स्पीकर गेला असन, दुकानात आणून दे. तासाभरानं त्याचा चेहरा सैल झाला. आणखी थोड्या वेळानं तो झोपला.

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. काकूंनी तो बांधीपर्यंत नेऊन दिला. मी सांगितलं, दुखणं उतरलं, झोपला आहे, संध्याकाळपर्यंत सोडतील.

"मंग तू काऊन बसून राहिली तिथं?" आई म्हणाली. "शाळेत जा."

मी घड्याळ पाहिलं. चौथा तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी गेले आणि सातवीला अपूर्णांक शिकवले.