महालक्ष्म्यांच्या आधीच्या गोळ्या

"तुमच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे," सोनोग्राफी बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पाय अजिबात चोळू नका."

आणि माझ्या सासूबाईंनी दोन दिवस कोमट तेलाने तोच पाय मन लावून चोळला होता.

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे दिवसभर उभं राहणं. विसर्जनानंतर डावी पोटरी दुखायला लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की उभं राहून पाय भरून आले. मीही मानलं. पण थकव्याने एकच पाय असा सुजत नाही, गरम लागत नाही, हे मला कोण सांगणार होतं?

आजाराचं नाव डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, डीव्हीटी. पायाच्या आतल्या शिरेत रक्त गोठतं. त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीव जाऊ शकतो. मला सकाळपासून जिना चढताना धाप लागत होती. ते ऐकताच मॅडमनी छातीचं सीटी स्कॅन लिहिलं आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलले नव्हते हो! पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना आमच्या सक्करदऱ्यात कोणी औषध म्हणत नाही. सणाच्या सामानाबरोबर त्याही येतात. मेडिकलवाला काही विचारत नाही, कागदात गुंडाळून देतो.

"सांग न वं," मागून सासूबाई म्हणाल्या. मग त्याच पुढे आल्या. "मीच आणून देल्या मॅडम. पाळी आली तर सोयपाकाले हात लावता येत नाही न. दरवर्षीच घेते ते."

घरात पाळी हा शब्द कुजबुजणारी बाई. वॉर्डबॉयसमोर मोठ्याने बोलली.

मॅडम चिडल्या नाहीत. "या गोळ्या सगळ्यांना सोसत नाहीत, काहींचं रक्त त्यांनी गोठतं. घरात कुणाला अशी गाठ झाली होती?" झाली होती. माझ्या आईला, बाळंतपणानंतर. पण गोळ्या देताना हे विचारलं कोणी?

सीटीचा रिपोर्ट येईपर्यंत मी बाहेर स्ट्रेचरवर पडून होते. प्रत्येक श्वास मोजूनमापून घेत होते. मुलगी शाळेतून आली असेल, तिला कोणी जेवू घातलं असेल का, हेच मनात. सासूबाईंचा भयंकर राग येत होता आणि त्यांचा हात सोडवतही नव्हता.

फुप्फुसं साफ निघाली. मी रडले. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या. त्या अजून चालू आहेत.

बायांनो, एकच पाय सुजला तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर ही गोळीसुद्धा सांगा. लाजू नका.

सुट्टी देताना मॅडमनी बजावलं, "पाळी लांबवायच्या गोळ्या आता कायमच्या बंद."

घरी येताना ऑटोत मी मुद्दामच विचारलं, "पुढच्या वर्षी नेमकी तेव्हाच पाळी आली तर?"

सासूबाईंनी मांडीवरची औषधांची पिशवी सारखी केली.

"येऊ दे," म्हणाल्या. "महालक्ष्म्या बी बायाच हायेत न वं. तूच रांध."