सोमवारपर्यंतचे चार दिवस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या बायकोला ओळखत नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये बत्तीस जीबीची छोटी एसएसडी आहे, त्यावर लिनक्स. एका बुधवारी अपडेटला दोन जीबी जागा कमी पडली. मी फोल्डर आकाराप्रमाणे लावून पाहिले. सर्वांत मोठं माझं — चोरखमारा तलावाच्या पाणीपातळीच्या माझ्या वह्यांचे स्कॅन, अडीच जीबी. वह्या कपाटात आहेतच. त्याखाली बायकोचं फोल्डर, ‘माय’. एक्कावन्न फाइली, दोन पूर्णांक एक जीबी.

चिचगडच्या माझ्या सासूबाई त्यात बोलत होत्या, गोंडीत. त्या वारल्या, पुढे बायकोचा फोन भरला, म्हणून तिने ते आवाज माझ्याकडे सांभाळायला दिले. मला गोंडी येत नाही. मला ऐकू यायचा तो खोकला, कोंबड्या...

कोणतं मिटवलं, हे सांगायला हवं का? तिचं. चुकून नव्हे.

गुरुवारी तांदूळ निवडायला बसताना तिने विचारलं, “अजी, मायचा आवाज दिसून नाही राहिला?”

“लहान ड्राइव्ह हाये. गेलं असन उडून.”

तिने तांदळातला एक खडा काढून टाकला. मग मलाच म्हणाली, “जाऊ द्या. तुम्ही कायले जीवाले लावून घेता? तुम्ही का मुद्दाम केलं?”

मी मान हलवली — नाही म्हणून.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. अशा ड्राइव्हवरून मिटवलेलं माझ्या लॅपटॉपवर लगेच पुसलं जात नाही. ती सफाई आठवड्यातून एकदा होते, सोमवारी. अपडेटही मी अजून चढवलं नव्हतं, म्हणजे त्या जागेवर नवं काही बसलं नव्हतं. मशीन बंद ठेवून गोंदियात एखाद्या जाणकाराकडे नेलं असतं, तर थोडे तरी आवाज परत मिळाले असते. हे मला माहीत होतं. गुरुवार ते रविवार — चार दिवस. पण नेलं असतं, तर तिच्यासमोर प्रश्न निघाला असता — मिटवलं कोणी?

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप सुरू केला. नोंद पाहिली: सफाई पूर्ण. मला हायसं वाटलं. हो, हायसंच.

याला तीन वर्षं झाली. तिच्याशी गोंडीत बोलणारं घरात कोणी नाही. ती स्वयंपाकघरात असते, मी पुढच्या खोलीत. काम करता करता कधी ती एखादा गोंडी शब्द बोलते. त्याचा अर्थ विचारायची माझी हिंमत होत नाही.