छर्रे निवडताना

बेदाण्याचा हंगाम तोंडावर आला की शेडच्या जाळ्या झाडायला घ्याव्या लागतात. वर्षभर साचलेली धूळ, कोळिष्टकं आणि गेल्या साली सुकवण्याआधी द्राक्षं बुडवून काढली त्या तेलाचा कडवट-गोडसर वास. झाडूचा पहिला फटका बसला की सगळं एकदम नाकात शिरतं. आज सकाळी टोकाची फळी सरकवली तर तिच्यामागे शिशाची एक चपटी टिकली सापडली, तुरीच्या डाळीएवढी. मी ती तळहातावर घेतली आणि झाडू ठेवून दिला. तसं मला हातातलं काम अर्धवट टाकायला निमित्तच लागतं. एका जागी बसून दोन घास तरी खा, असं या घरात मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. पण चुळबुळ्या स्वभावाची खरी गादी माझी नव्हे. ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची.

दादा फौजेत होता. रहिमतपूरकडच्या माझ्या माहेरच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे फौजी म्हणून त्याचं कुणी फारसं कौतुक केलं नाही. झालं ते पिस्तुलाच्या नेमबाजीचं. पलटणीच्या संघातून तो वर्षानुवर्षं खेळला. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा ऊस होता, म्हशी होत्या, पेन्शन होतं, आणि तरी त्याला झोप नव्हती. त्याला राज्याच्या संघात एक जागा हवी होती. "पलटणीच्या नावानं लय खेळलो गं," तो म्हणायचा, "एकडाव माज्या नावानं खेळू दे." पुण्यात निवड चाचणी होती. सरावाला दहा मीटर लांबीची, वारं न लागणारी जागा पाहिजे, आणि ती त्याला इथं तासगावात आमच्याकडे सापडली. दिवाळीनंतर आमचं शेड रिकामंच असतं, बाजूच्या ताडपत्र्या सोडल्या की वारंही लागत नाही. एका टोकाला त्यानं कागदी लक्ष्य लावलं, मागे जाड फळी उभी केली आणि हवेच्या दाबावर चालणारं आपलं पिस्तूल घेऊन तो दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

तोवर मला वाटायचं, नेमबाजी म्हणजे डोळा मिटायचा आणि चाप ओढायचा. दादाचा निम्मा दिवस छर्रे निवडण्यात जायचा. छर्रा म्हणजे शिशाचा इवलासा दाणा, तोंडाला सपाट, कमरेत बारीक, खाली पोकळ घेर. दिसायला सगळे सारखे. पण एका डब्यातले दुसऱ्या डब्यासारखे नसतात. तोंडाच्या जाडीत केसाचा फरक असतो, आणि एखाद्या पिस्तुलाला एक माप मानवतं, दुसरं मानवत नाही. दादा ते पांढऱ्या फडक्यावर ओतायचा, घेर दबलेला दिसला की बाजूला, वजनात कमी भरला की बाजूला. मीही शेजारी बसून निवडायची. आमच्या दोघांच्या आयुष्यात आम्ही एका जागी इतका वेळ बसलो असू ते तेवढंच. बोलणं थोडं व्हायचं. बाहेर आभाळ भरून यायचं आणि द्राक्षबागेवर दावण्या रोग पडेल या धास्तीनं माझा नवरा दर घटकेला अंगणात जाऊन वर बघायचा. एकूण त्या दिवसांत घरातलं कुणीच स्वस्थ नव्हतं.

कागदावरची भोकं मात्र जवळ यायला तयार नव्हती. कधी वर, कधी डावीकडे, एखादं पार काळ्या वर्तुळाच्या कडेला. दादा कागद उजेडात धरायचा आणि डब्यावर चिडायचा. "ह्यो मालच खराब हाय. ह्येचं बूड बघ की कसं हाय!" मग नवा डबा यायचा. पुण्याहून, मुंबईहून, कुणा जुन्या फौजी मित्राकडून, परदेशी बनावटीचा. प्रत्येक डबा उघडताना त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा असायची की मला बघवायचं नाही. कारण पूर्वी बोटांनी उचलायचा ते छर्रे तो आता चिमट्यानं उचलायला लागला होता, आणि चिमट्यातूनही ते निसटायचे. मला ते दिसत होतं. त्याला दिसत नसेल असं कसं म्हणू? पण ज्या हातावर माणसानं उभं आयुष्य काढलं, त्या हाताविषयी तोंडातून शब्द काढायचा तरी कुणी?

चाचणी जवळ आली तेव्हा दादानं शेवटचा उपाय काढला. छर्रा पारखायची खरी रीत म्हणजे पिस्तूल लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळायचं आणि प्रत्येक डब्यातले पाच-पाच मारून बघायचे. ज्या डब्याची भोकं एकात एक पडतील तो डबा आपला. माझ्या नवऱ्यानं ट्रॅक्टर दुरुस्तीचा शिकंजा आणून टेबलाला जखडून दिला. पहिल्या डब्याचे पाचही छर्रे एकाच भोकातून गेले. नवरा खूश झाला. दुसऱ्याचेही तसेच गेले. तिसऱ्याचेही. शेवटी दादानं नावं ठेवून फेकलेला डबा मी कोपऱ्यातून उचलून दिला, आणि त्याचंही एकच गोल, नीट भोक पडलं.

दादा चारही कागद ओळीनं मांडून नुसता बघत राहिला. माझ्या नवऱ्याला यातलं काही कळलं नव्हतं. त्यानं सरळ मनानं विचारलं, "मग पावणं, कंचा डबा न्ह्यायचा?"

"कंचाबी द्या, दाजी," दादा म्हणाला. "डब्यात काय न्हाई." आणि त्यानं आपला उजवा हात पुढं धरून पहिल्यांदा आमच्यादेखत त्याच्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं. तोच म्हणाला, "अगं, रडतीस काय? पिस्तूल चांगलं हाय, हे तर कळलं."

मला वाटलं होतं आता तो जाणार नाही. तो गेला. हाताला आला तो डबा घेऊन, एकही छर्रा न निवडता गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "न्हाई झालं गं. लय मागं ऱ्हायलो." मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाला, "पण लय दिसांनी नुसता नेम धरला बघ. डबा नाय, माप नाय. कसं मोकळं वाटलं." मी फोन ठेवला आणि त्या रात्री जागीच राहिले. त्याला मोकळं वाटलं याचा आनंद मानावा की त्याचं स्वप्न गेलं याचं दुःख करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काळ माणसाकडून काही मागून घेत नाही. घेऊन जातो, आणि आपण बरेच दिवस दुसरीकडेच शोधत बसतो. त्या शोधण्यालाही काही अर्थ असावा. निवडायला काहीतरी आहे तोवर आशा आहे, एवढा तरी. दादानं ती बाजूला ठेवली आणि कोरेगावच्या बाजारात भाजी घेत हिंडणारा, पोरांना नेम शिकवणारा एक साधा निवृत्त माणूस झाला. तो सुखी आहे. मीच अजून त्याच्या हाताकडे बघत असते.

बेदाण्याच्या दिवसांत तो येतो. मी चहा देताना कप अर्धाच भरते. "आं? येवडाच?" तो ओरडतो, "भर की गं पुरता!" मग मी काठोकाठ भरते. तो दोन्ही हातांत कप धरतो, थोडा चहा बशीत सांडतो, तोच आधी पिऊन टाकतो आणि द्राक्षांच्या भावाचं काहीतरी विचारतो. मी उत्तर देते, पण कप रिकामा होईपर्यंत मला खाली बसता येत नाही.